ड्रॉइंग कोणाचे?

एलजी हे नाव आपल्याकडे घराघरांत पोहोचले ते फ्रिज, टीव्ही आणि कपडे धुण्याच्या यंत्रांमुळे. पुण्याजवळ रांजणगावला या कंपनीचा कारखाना असल्याने महाराष्ट्राला तर ते जास्तच परिचयाचे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने शेवरोले बोल्ट या आपल्या नव्या विजेच्या मोटारीसंबंधी एक यादी जाहीर केली, तेव्हा तीत हेच नाव झळकले. मोटारीचे अकरा भाग एलजी समूह पुरवणार होता. बॅटरीचे सेल आणि पॅक, चाके फिरवणारी मोटर, इन्व्हर्टर, गाडीतला चार्जर, एसीचा कॉम्प्रेसर, बॅटरी गरम ठेवणारा हीटर, वीज वाटून देणारी पेटी, इतकेच काय, चालकासमोरचे पडदेसुद्धा!

जनरल मोटर्सची स्थापना १९०८ ची. १९९६ मध्ये ईव्ही-१ ही विजेची मोटार रस्त्यावर आणून तिने साऱ्या जगाचे लक्ष वेधून घेतले होते. एवढी पुंजी गाठीशी असलेल्या कंपनीला गाडीचा जीव म्हणावा असे भाग फ्रिज बनवणाऱ्यांकडून का घ्यावेसे वाटले? स्वस्त पडले म्हणून, असे उत्तर चटकन सुचते. पण ते अर्धेच आहे. विजेच्या गाडीच्या सुट्या भागांचे ज्ञान नेमके कोणापाशी असते आणि ते एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात कसे जाते, हे कळल्याशिवाय उरलेले अर्धे हाती लागत नाही.

एसीतली विद्या मोटारीत

जुना एसी आठवा. कॉम्प्रेसर सुरू झाला की एकाच वेगाने धडधडायचा, खोली गार झाली की बंद पडायचा, थोड्या वेळाने पुन्हा सुरू. इन्व्हर्टर एसी आला आणि ही उघडझाप थांबली. त्यातली इलेक्ट्रॉनिक पेटी घरातली वीज आधी एकदिश करते, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. मग सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बटणांमधून तिची पुन्हा उलटसुलट वाहणारी वीज घडवते. ही वीज किती वेगाने उलटसुलट व्हावी हे ठरवता आले की मोटर किती वेगाने फिरावी हेही ठरवता येते.

विजेच्या गाडीत हेच घडते. बॅटरीतून एकदिश वीज निघते, चाके फिरवणाऱ्या मोटरीला हवी असते उलटसुलट वाहणारी. मध्ये बसतो इन्व्हर्टर. ॲक्सिलरेटर दाबला की मोटरीला जाणाऱ्या विजेचा ताल बदलण्याचे काम तो करतो. फरक आहे तो आकारमानाचा आणि छळाचा. खोलीतल्या एसीच्या कॉम्प्रेसरला एक-दोन किलोवॉट पुरतात, बोल्टची मोटर १५० किलोवॉटची. एसी भिंतीवर स्वस्थ बसलेला असतो. गाडीतला इन्व्हर्टर खड्ड्यांत आपटतो, पावसात भिजतो, उन्हात तापतो आणि तरीही वर्षानुवर्षे चालावा अशी अपेक्षा असते.

लाखोंच्या संख्येने कॉम्प्रेसर आणि इन्व्हर्टर बनवताना एलजीच्या अभियंत्यांच्या हाताखालून जे गेले होते, ते जनरल मोटर्सच्या अभियंत्यांच्या हाताखालून गेले नव्हते. उलट गाडीला काय काय सोसावे लागते, हे जनरल मोटर्सला जितके ठाऊक होते तितके एलजीला नव्हते. बोल्टसाठी या दोन्ही ज्ञानांची गाठ घालावी लागली. कोरियातल्या सुविधांवर एलजीने त्यासाठी २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. आणखी एक बारकावा त्या यादीतच होता. मोटरीच्या नावापुढे कंसात लिहिले होते की तिची रचना जनरल मोटर्सची आहे. बाकीच्या दहा भागांपुढे असे काही नव्हते. या एका कंसात सुट्या भागांच्या धंद्याचे मोठे गुपित आहे.

चौकट: चार शब्दांची ओळख
*सेल:* बॅटरीचा सर्वांत लहान घटक. बोल्टच्या एका गाडीत असे २८८ सेल होते.
*पॅक:* सेल, ते थंड ठेवणारी यंत्रणा, तारा, नियंत्रणाचे इलेक्ट्रॉनिक्स आणि बाहेरची पेटी मिळून होणारा संपूर्ण भाग.
*स्टेटर आणि रोटर:* मोटरीतला स्थिर भाग आणि त्याच्या पोटात फिरणारा भाग.
*ओईएम:* जिचे नाव गाडीवर असते ती कंपनी. तिला भाग पुरवणाऱ्याला कारखानदारीत व्हेंडर म्हणतात.

दोन प्रकारची गिऱ्हाइके

लग्नाचा कुर्ता शिवायला टाकणारे गिऱ्हाईक दोन प्रकारचे असते. एक जण छाती, खांदा, बाही, गळ्याची खोली, सगळे इंचांत लिहून आणतो आणि म्हणतो, यात सूतभरही फरक नको. दुसरा कापड पुढे ठेवतो आणि सांगतो, उन्हाळ्यातले लग्न आहे, दिवसभर अंगावर राहणार, मांडी घालून बसता आले पाहिजे. पहिल्याला शिंप्याचे हात हवे असतात. दुसऱ्याला शिंप्याची अक्कलही हवी असते.

क्योटो विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ बानरी असानुमा यांनी १९८० च्या दशकात जपानी मोटार उद्योगाचा अभ्यास करताना व्हेंडरची हीच विभागणी केली. ओईएमने काढलेल्या ड्रॉइंगवरून माल बनवणारे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, भागाने काय काम करायचे एवढेच ऐकून स्वतः ड्रॉइंग काढणारे आणि ते ओईएमकडून मंजूर करून घेणारे. बोल्टच्या यादीतला तो कंस मोटरीला पहिल्या बाजूला बसवत होता. पहिल्या प्रकारात भाग निकामी ठरला आणि माल ड्रॉइंगबरहुकूम असला, तर बोल ड्रॉइंगकाराला लागतो. दुसऱ्यात तो व्हेंडरच्या माथी येतो. जबाबदारी वाढते, तसे शिकणेही वाढते.

या फरकाचे वजन किती, हे हार्वर्डच्या किम क्लार्क आणि ताकाहिरो फुजिमोतो यांनी मोजले. जपान, अमेरिका आणि युरोपातल्या २० कंपन्यांचे २९ मोटार-प्रकल्प त्यांनी तपासले. ओईएमने गरज सांगायची आणि तपशिलाची रचना व्हेंडरने करायची, अशा भागांचे प्रमाण खरेदीच्या खर्चात जपानमध्ये ६२ टक्के निघाले, युरोपात ३९ आणि अमेरिकेत अवघे १६. अमेरिकेत ८१ टक्के भागांची ड्रॉइंगे ओईएमच काढत होते. जपानी कंपन्या कमी माणसांत आणि कमी वेळात नवी मोटार कशी बाजारात आणतात, या त्या काळच्या चर्चेतले हे एक ठोस कारण ठरले. मोटारीचा विचार करणारी डोकी त्यांच्या कचेरीच्या भिंतींबाहेरही होती.

पेट्रोलच्या गाडीत ओईएमचा एक गड मात्र शाबूत राहायचा, तो म्हणजे इंजिन. दिवे, काचा, सीट, ब्रेक बाहेरून आले तरी इंजिन घरचे. विजेच्या गाडीने हा गडच गाडीतून काढून टाकला. सर्वांत महागडा भाग आता बॅटरी, आणि तिच्या सेलची विद्या रसायन आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत वाढलेली. निस्सानने लीफ ही मोटार आणताना हे आधीच ओळखले होते. २००७ मध्ये तिने एनईसी या इलेक्ट्रॉनिक्स समूहाबरोबर सेलसाठी भागीदारीत वेगळी कंपनी काढली. २०१० च्या अखेरीस लीफ विक्रीला आली, ती या कंपनीच्या सेलवर.

पाव मिलिमीटरचा पत्रा

व्हेंडरकडचे हे ज्ञान दिसते कसे? मोटरीचा स्टेटर हातात घेऊन पाहावा. लांबून तो पोलादाचा सलग ठोकळा वाटतो. डोळ्यांजवळ नेला की अंगावर बारीक रेषाच रेषा दिसतात, कारण तो शेकडो पातळ पत्रे एकावर एक रचून केलेला असतो. विजेच्या गाड्यांच्या मोटरींत हे पत्रे साधारण ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर जाडीचे असतात. पाव मिलिमीटरचा पत्रा धरला तर दहा सेंटिमीटर उंचीच्या स्टेटरला चारशे पत्रे लागतात.

सलग ठोकळा का चालत नाही? स्टेटरमधले चुंबकीय क्षेत्र सतत दिशा बदलत असते. त्यामुळे पोलादाच्या आतच गोलगोल फिरणारे विजेचे प्रवाह निर्माण होतात. ते काहीच काम करत नाहीत, फक्त उष्णता तयार करतात. म्हणजे बॅटरीतली वीज खर्च होते आणि गाडी पुढे सरकत नाही. ठोकळ्याचे पातळ काप करून प्रत्येकावर विद्युतरोधक लेप दिला की या प्रवाहांना फिरायला जागा उरत नाही. जाडी निम्मी केली की हा नासाडीचा भाग एक चतुर्थांशावर येतो. ड्रॉइंगवर ‘०.२५’ हा आकडा त्यासाठी असतो.

इथपर्यंतचे गणित पुस्तकात सापडते. पुढचे प्रेस-शॉपमध्ये. वरून येणारे कापायचे हत्यार म्हणजे पंच, खालचा साचा म्हणजे डाय. या दोहोंच्या मधल्या फटीतून पत्रा कापला जातो. एवढ्या पातळ पत्र्यासाठी ही फट, म्हणजे क्लिअरन्स, काही मायक्रॉनांत राखावी लागते. पंचाची धार उतरू लागली की कापलेल्या कडेला बारीक काटेरी ओठ फुटतो. त्याला कारखान्यात ‘बर’ म्हणतात. रचलेल्या थरात हा बर लेप फोडून शेजारच्या पत्र्याला टेकतो आणि ज्या प्रवाहांची वाट बंद केली होती ती पुन्हा उघडी होते. ड्रॉइंग अचूक, पत्रा अचूक, तरीही मोटर तापते. पंचाला धार किती स्ट्रोकनंतर लावायची, कोणत्या गिरणीच्या पत्र्याला बर लवकर येतो, खाचेचा कोपरा किती टोकदार ठेवला तर पंच तुटतो, हे टूलरूममधल्या माणसाला ठाऊक असते. मोटरीची रचना संगणकावर करणाऱ्याला ते त्याने सांगावे लागते.

आणखी एक गोष्ट. पोलादाच्या पत्र्याची जाडी रुंदीभर अगदी सारखी नसते, मध्ये किंचित जास्त आणि कडेला किंचित कमी भरते. एका पत्र्यात हा फरक नगण्य. चारशे पत्रे त्याच दिशेने रचले तर मात्र थर एका बाजूला झुकतो. म्हणून चांगले डायमेकर पत्रे रचतानाच ठरावीक कोनातून फिरवत जाणारी डाय बनवतात आणि फरक आपसांत जिरवून टाकतात. जपानच्या किताक्युशू शहरातली मित्सुई हाय-टेक ही कंपनी १९४९ मध्ये डाय बनवणारी म्हणून सुरू झाली. पुढे तिने चिपसाठी लागणाऱ्या बारीक धातूच्या चौकटी कापल्या, पंख्या-कॉम्प्रेसरच्या मोटरींचे पत्रे कापले, आणि आज हायब्रिड व विजेच्या मोटारींच्या मोटर-गाभ्यांमध्ये तिचे नाव पहिल्या रांगेत घेतले जाते. मोटार तिने कधीच बनवली नाही. कापण्याची विद्या मात्र पिढ्यान्‌पिढ्या जपली.

चुंबकामुळे रोटर बदलला

व्हेंडरचे ज्ञान नुसते बारकावे सुधारते असे नाही, कधी ते संपूर्ण रचना बदलायला लावते. होंडा आणि दाइदो स्टील यांची गोष्ट त्याचा उत्तम दाखला आहे.

मोटरीच्या रोटरमध्ये निओडिमियमचे चुंबक असतात. ते जबरदस्त ताकदीचे, पण तापले की ढेपाळतात. त्यांना उष्णता सोसावी म्हणून डिस्प्रोसियम आणि टर्बियम ही जड दुर्मिळ मूलद्रव्ये मिसळतात. ही द्रव्ये महाग, आणि त्यांचा पुरवठा जवळजवळ पूर्णपणे चीनच्या हाती. २०१० मध्ये चीनकडून पुरवठा अडखळला, तेव्हा जपानला याचे चटके बसले होते.

दाइदोच्या एका उपकंपनीकडे चुंबक घडवण्याची एक वेगळी रीत होती. नेहमीच्या पद्धतीत चुंबकाची पूड दाबून भट्टीत भाजतात. दाइदोची मंडळी पदार्थ गरम असतानाच दाबून त्याला आकार देत. त्यामुळे आतले कण नेहमीच्या चुंबकाच्या साधारण एक दशांश आकाराचे राहतात, आणि कण जितके बारीक तितकी उष्णता सोसण्याची ताकद जास्त. तरीही जड द्रव्ये पूर्ण वगळली तर नुसत्या चुंबकावर भागणारे नव्हते. तेव्हा होंडाच्या अभियंत्यांनी रोटरचा आकार बदलला, चुंबकाची जागा बदलली, आणि चुंबकीय क्षेत्राची वाट अशी आखली की चुंबकाला कमी ताण सोसावा लागेल. जुलै २०१६ मध्ये दोघांनी मिळून ही घोषणा केली आणि त्याच वर्षी होंडा फ्रीडच्या हायब्रिड मोटारीत जड दुर्मिळ द्रव्ये नसलेला हा चुंबक बसला. होंडाने आधी रोटरचे ड्रॉइंग पक्के करून मग चुंबकाचे दर मागवले असते, तर हे घडलेच नसते.

कधी ज्ञान जुन्या भागातून नव्यात येते. डेन्सो ही टोयोटा समूहातली कंपनी पेट्रोल गाडीची बॅटरी चार्ज करणारे अल्टरनेटर वर्षानुवर्षे बनवत आली. २००० च्या सुमारास तिने त्यांच्या वाइंडिंगमध्ये गोल तारेऐवजी चौकोनी तांब्याचे वाकवलेले तुकडे वापरायला सुरुवात केली. गोल तारांमध्ये फटी राहतात, चौकोनी तुकडे खाचेत घट्ट बसतात. त्याच जागेत जास्त तांबे मावते आणि उष्णता कमी होते. २०१५ च्या टोयोटा प्रियस हायब्रिडच्या मोटरींत याच जातीचे वाइंडिंग आले. पेट्रोल गाडीचा मामुली वाटणारा भाग बनवताना साधलेले कसब असे विजेच्या मोटरीला कामी आले.

ज्ञान चालते कोणाच्या पायांनी

सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा मार्ग माणसांचा. टोयोटाच्या रचना विभागात व्हेंडर कंपन्यांचे अभियंते पाहुणे म्हणून येतात आणि दीर्घ काळ तिथेच काम करतात. त्यांना गेस्ट इंजिनीअर म्हणतात. रचना कच्ची असतानाच ते सांगू शकतात, हा स्क्रू इथे ठेवलात तर आमच्या लाइनवर तो घट्ट करायला हत्यार पोहोचणार नाही. कागदावर ही तक्रार सहा महिन्यांनी आली असती, तोवर साचे बनून झाले असते. टोयोटाच्या व्हेंडरांची क्योहोकाई ही संघटना १९४३ पासून आहे. तिच्यामुळे व्हेंडर ओईएमकडून शिकतात, शिवाय एकमेकांकडूनही शिकतात.

दुसरा मार्ग नमुन्याचा. पुण्यात कोणत्याही व्हेंडरच्या तोंडी ‘पीपॅप’ हा शब्द सापडेल. नवा भाग नियमित उत्पादनात जाण्याआधी नमुने, मोजमापांचे तक्ते, प्रक्रियेचा आराखडा, कुठे काय चुकू शकते याचा विचार, असे सगळे दप्तर ओईएमला सादर करून मंजुरी घ्यावी लागते. पुष्कळांना ही कटकट वाटते. पण हे दप्तर प्रामाणिकपणे भरले तर व्हेंडरच्या डोक्यातले ज्ञान त्यातून कागदावर उतरते, आणि ओईएमला भाग कसा बनतो हे कळते.

ज्ञान वरून खालीही येते. चीनच्या निंगदे शहरात २०११ मध्ये सुरू झालेली सीएटीएल आज विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या बनवणारी जगातली सर्वांत मोठी कंपनी आहे. तिच्या सुरुवातीच्या काळात बीएमडब्ल्यूच्या चिनी भागीदार कंपनीने तिला बॅटरीचे काम दिले, तेव्हा सोबत जर्मन भाषेतला सुमारे ८०० पानांचा अपेक्षांचा ग्रंथ दिला. मोबाइलच्या बॅटरीचे संस्कार झालेल्या अभियंत्यांना मोटारीच्या बॅटरीची शिस्त त्या पानांतून शिकावी लागली. कडक गिऱ्हाईक मिळणे हे व्हेंडरचे भाग्य असते, असे म्हणायला हे उदाहरण पुरेसे आहे.

एकाच सेलमधले दोन दोष

ज्ञानाचा हा प्रवाह कुठे अडला तर काय होते, ते बोल्टनेच दाखवले.

सेलमध्ये ऋण आणि धन पत्र्यांच्या मध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो, त्याला सेपरेटर म्हणतात. दोन्ही पत्र्यांची एकमेकांशी गाठ पडू न देणे हे त्याचे काम. प्रत्येक पत्र्यातून वीज बाहेर नेणारी धातूची छोटी पट्टी असते, ती टॅब. बोल्टच्या काही गाड्यांना आगी लागल्या आणि तपास सुरू झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये काही गाड्या परत बोलावल्या गेल्या. ऑगस्ट २०२१ पर्यंत एकूण एक बोल्ट या कारवाईत आली, सुमारे १ लाख ४२ हजार गाड्या. गाडी घराबाहेर उभी करा, रात्रभर चार्जिंगला लावून ठेवू नका, असे मालकांना सांगावे लागले. कारण असे निघाले की काही सेलमध्ये ऋण पत्र्याची टॅब फाटलेली होती आणि त्याच सेलमध्ये सेपरेटरही दुमडलेला होता. हे दोन दोष एकत्र आले की धोका.

एका गाडीत २८८ सेल, म्हणजे या साऱ्या गाड्यांत मिळून चार कोटींहून अधिक. त्यांतले मोजके सदोष. सेलची क्षमता किती हवी, आयुष्य किती हवे, हे खरेदीच्या करारात लिहिता येते. सेपरेटर यंत्रावर कोणत्या क्षणी दुमडतो हे सेल बनतो त्या लाइनवरच दिसते. जनरल मोटर्सला सेलचे गुण माहीत होते, सेलचा जन्म तितका माहीत नव्हता. शेवटी दोन्ही कंपन्यांचे अभियंते एकत्र बसले आणि उत्पादनाची व तपासणीची पद्धत बदलली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ठरले की सुमारे २०० कोटी डॉलरच्या भुर्दंडापैकी १९० कोटींपर्यंतची भरपाई एलजी देईल.

अशा प्रसंगानंतर काडीमोड होणे स्वाभाविक वाटते. झाले उलटे. दोघांनी डिसेंबर २०१९ मध्येच भागीदारीत सेलचे कारखाने काढायचे ठरवले होते. ती योजना चालू राहिली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ओहायो राज्यातल्या कारखान्यात सेल बनू लागले. सेल जिथे बनतो तिथे ओईएमही भागीदार म्हणून उभा असावा, हा निर्णय योग्यच होता.

वाटून घेतलेल्या ज्ञानाचा मालक कोण?

एकत्र काम केले की भांडणाचे बीजही पडते. ऑक्टोबर २०२१ मध्ये निप्पॉन स्टीलने चीनच्या बाओस्टील या कंपनीवर खटला भरला, आणि त्याचबरोबर आपल्याच जुन्या व मोठ्या गिऱ्हाइकावर, टोयोटावरही. मोटरीच्या पत्र्याच्या पोलादाचे आमचे पेटंट वापरले गेले, असा दावा होता. जपानी उद्योगजगताला धक्का बसला, कारण पोलाद गिरणीने आपल्या ओईएमला कोर्टात खेचावे हे तिथे अकल्पित. नोव्हेंबर २०२३ मध्ये टोयोटावरचा दावा निप्पॉन स्टीलने सोडून दिला. पण पाव मिलिमीटरच्या त्या पत्र्यामागचे ज्ञान किती मोलाचे, हे यातून जगापुढे आले.

आणि कधी व्हेंडरच ओईएम होऊन बसतो. बीवायडी १९९५ मध्ये शेन्झेन शहरात मोबाइलच्या बॅटऱ्या बनवत सुरू झाली, २००३ मध्ये तिने एक मोटार कंपनी विकत घेतली. आज ती जगातल्या सर्वांत मोठ्या विद्युत मोटार उत्पादकांपैकी एक आहे. ज्ञान पुरवठादाराकडे असेल तर गाडीवरचे नावही बदलू शकते.

चाकण, भोसरी, वाळूज

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर जानेवारी २०२० मध्ये आलेली टाटा नेक्सॉन ईव्ही डोळ्यांपुढे येते. तिचा बॅटरी पॅक पुण्यातल्या टाटा ऑटोकॉम्पने चीनच्या गोशन कंपनीबरोबरच्या भागीदारीतून बनवला. सेलची विद्या चीनची. पण त्या सेलना पेटीत बसवणे, द्रवाने थंड ठेवणे, पावसाळ्यातल्या तुंबलेल्या रस्त्यांतून पाणी आत येऊ न देणे, ही विद्या इथे घडवावी लागली. पॅकला आयपी-६७ दर्जा आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी आत पाणी शिरता कामा नये.

२०२२ मध्ये देशात विजेच्या स्कूटरींना आगी लागल्यावर एआयएस-१५६ या बॅटरीच्या नियमांत कडक सुधारणा झाल्या. त्या डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. सेल कधी बनला, कुठून आला, याचा माग ठेवणे आता भाग पडले. वाहन उद्योगासाठी सप्टेंबर २०२१ मध्ये मंजूर झालेल्या केंद्र सरकारच्या २५,९३८ कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेतही निम्मे मूल्य देशात तयार झाल्याचे सिद्ध करावे लागते. त्याची तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्था करतात. त्यामुळे ओईएमला व्हेंडरचा व्हेंडर कोण, इथपर्यंत विचारत जावे लागते.

चीनने एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि काही महिन्यांतच भारतीय कारखान्यांना चुंबकांची चणचण भासू लागली. विजेवरच्या चेतक स्कूटरच्या उत्पादनाला याचा फटका बसू शकतो, असे बजाज ऑटोने त्या जुलैत उघडपणे सांगितले. चुंबक विकत घेता येत होता तोवर त्याची विद्या आपल्याकडे नसल्याचे कोणाला खुपले नव्हते. होंडा आणि दाइदो यांनी हा धडा नऊ वर्षे आधी गिरवला होता.

भोसरी, चाकण, वाळूज, नाशिकचे अंबड इथली हजारो वर्कशॉप आजवर मुख्यतः आलेल्या ड्रॉइंगवर चालली. हात उत्तम, टॉलरन्स काटेकोर, माल वेळेवर. आता इंजिनाचे भाग कमी होत जाणार आणि मोटर, इन्व्हर्टर, पॅक यांचे वाढणार. त्यात टिकायचे तर स्वतः ड्रॉइंग काढून ते मंजूर करून घेणाऱ्यांच्या रांगेत जावे लागेल. ओईएमने ड्रॉइंग गोठवण्याआधी व्हेंडरला टेबलाशी बसवावे, आणि त्याच्या सूचनेमुळे पैसे वाचले तर त्यातला वाटा त्याला द्यावा. नाहीतर पुढच्या वेळी तो तोंड उघडणार नाही. वर्कशॉप चालवणाऱ्यांनी कोणत्या पत्र्याला बर लवकर आला, डायला धार कितव्या स्ट्रोकनंतर लागली, कोणता नमुना का नापास झाला, याच्या नोंदी रोजच्या रोज लिहून ठेवाव्यात. उद्या ओईएमसमोर मांडायचे भांडवल तेच आहे. मोजमाप आणि चाचणीची महागडी यंत्रे प्रत्येकाने घेण्याची गरज नाही. चिंचवडचे ऑटो क्लस्टर आणि वाळूजचे मराठवाडा ऑटो क्लस्टर लहान कारखान्यांना अशा सामायिक सोयी देण्यासाठीच उभारलेले आहेत.